फ्री डिशचा सेट विदर्भातल्या गावात: छत्री ठीक, वायर बघून घ्या

तालुक्याच्या बाजारात डीडी फ्री डिशचा सेट म्हणून जे मिळतं त्यात साठ सेंटिमीटरची छत्री, एक एलएनबी (छत्रीच्या समोर बसून सिग्नल पकडणारा भाग), डबा, रिमोट, अ‍ॅडॅप्टर आणि दहा-पंधरा मीटर गुंडाळलेली वायर असते. साधारण दीड-दोन हजारांत काम होतं आणि पुढे महिन्याचं भाडं नाही. छत्री ठीकठाक, डबा पुरेसा, एलएनबी चालून जातो. वायर आणि तिच्या दोन टोकांच्या पिना मात्र बहुतेक सेटमध्ये टाकाऊ असतात. गावात टॉवर नसेल तर तीच वायर वर्षानुवर्षं चालते आणि कुणाची तक्रार नसते. टॉवर उभा राहिला की मात्र 'चार-पाच चॅनल तुटतात, बाकीचे बरोबर आहेत' अशी ओरड सुरू होते. दोष छत्रीला दिला जातो, छत्री हलवली जाते, मग चांगले दिसणारे चॅनलही जातात.

हे असं का होतं ते समजायला हवेतली वाटणी बघावी लागते. छपरावरचा जुना काड्यांचा अँटेना ज्या पट्ट्यांवर चालायचा ते तीन होते: ४७ ते ६८ मेगाहर्ट्झ, १७४ ते २३० आणि ४७० पासून वरचा यूएचएफ. अ‍ॅनालॉगमध्ये खालच्या दोन पट्ट्यांत एका चॅनलला सात मेगाहर्ट्झ जागा लागायची, यूएचएफमध्ये आठ. एका सह्याद्रीसाठी अख्खे सात मेगाहर्ट्झ अडकून राहायचे. दूरदर्शनने हे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याची काही ठिकाणं सोडली तर ३१ मार्च २०२२ ही शेवटची मुदत होती. यूएचएफचा वरचा तुकडा मोबाइलकडे गेला: ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ फोनकडून टॉवरकडे आणि ७५८ ते ८०३ टॉवरकडून फोनकडे. हा ७०० चा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत कुणी घेतला नाही, २०२२ मध्ये तो विकला गेला. त्याच लिलावात ६०० चा पट्टाही ठेवला होता, त्याला बोलीच आली नाही. तेव्हा गावातल्या छपरावर अजून उभ्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही. त्यासोबतचा बूस्टर मात्र आधी बंद करा. चालू राहिलेला जुना बूस्टर स्वतःच शिट्टी मारत बसतो आणि शेजारपाजारच्या मोबाइलचं नेटवर्क खराब करतो.

फ्री डिश या सगळ्या गर्दीपासून फार वर आहे. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे आणि सिग्नल केयू पट्ट्यात, म्हणजे ११ गिगाहर्ट्झच्या आसपास उतरतो. मोबाइल तिथे नाही. टॉवरवर ढोलासारखे जे गोल डबे दिसतात, त्यांची टॉवर-ते-टॉवर लिंक बहुतेक १५ किंवा १८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. ढोल आपल्या छत्रीकडे तोंड करून आहे म्हणून चॅनल गेले, ही समजूत चुकीची आहे. कमी उंचीवरच्या उपग्रहांचं इंटरनेट याच केयू पट्ट्यात उतरतं हे खरं, पण एका जागी स्थिर असलेल्या उपग्रहांच्या छत्र्यांना त्रास होणार नाही इतकीच ताकद वापरायची, असं बंधन आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. आकाशातून घरापर्यंत सिग्नल स्वच्छ येतो.

भानगड एलएनबीच्या पुढे सुरू होते. अकरा गिगाहर्ट्झचा सिग्नल साध्या वायरीतून पंधरा मीटरसुद्धा नीट जाणार नाही, म्हणून एलएनबी त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करतो आणि उरलेलं खाली पाठवतो. फ्री डिशचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे चॅनलांचा एक गठ्ठा खाली पाठवणारा उपग्रहावरचा ट्रान्समीटर, ११०९० वर आहे. वायरीत तो ११०९० वजा ९७५०, म्हणजे १३४० मेगाहर्ट्झवर धावतो. डब्याला समजणारा सगळा पट्टा ९५० ते २१५० आहे, आणि याच पट्ट्यात मोबाइल बसलेला आहे. टॉवर १८०५ ते १८८० वर बोलतो, तुमचा फोन १७१० ते १७८५ वर. ९०० च्या पट्ट्याची वरची कड ९६० पर्यंत येते. २१०० च्या पट्ट्यात टॉवर २११० पासून वर बोलतो. आकाशात ११५५५ ते ११६३० च्या दरम्यान जो ट्रान्सपाँडर असेल, तो तुमच्या घरातल्या वायरीत टॉवरच्या १८०५ ते १८८० च्या बरोब्बर मांडीला मांडी लावून बसतो. वायरीची जाळी दाट असेल तर दोघांची भेट होत नाही. जाळी विरळ असेल तर वायर हीच पंधरा मीटरचा अँटेना होते.

म्हणून तक्रारीचं स्वरूप बघा. सगळेच चॅनल सारखे तुटत असतील तर छत्रीची दिशा, पाणी किंवा एलएनबी. ठराविक आठ-दहा चॅनलच तुटत असतील, ते सगळे एकाच ट्रान्सपाँडरवरचे असतील आणि त्रास संध्याकाळी आठ ते दहात, म्हणजे अख्खं गाव फोनवर असताना वाढत असेल, तर वायर. चॅनल लावून इन्फो बटण दाबलं की फ्रिक्वेन्सी दिसते, त्यावरून कोणते चॅनल एका घरातले ते कळतं. आणखी एक सोपी परीक्षा: फोन डब्याच्या मागे, वायरीच्या पिनेला टेकवून ठेवा आणि कॉल लावा. त्याच वेळी चित्राचे चौकोन झाले तर पिन गळकी आहे, दुसरं काही शोधत बसू नका. चित्र हललं नाही म्हणून वायर निर्दोष ठरत नाही, कारण फोन त्या वेळी दुसऱ्या पट्ट्यावर बोलत असू शकतो.

सेटमधल्या वायरीवर 'आरजी-६' छापलेलं असतं, पण सोलून बघितल्याशिवाय त्या छापाला अर्थ नाही. वरचं काळं प्लॅस्टिक बोटभर काढा. आत आधी तारांची जाळी, मग चमकती पन्नी, मग पांढरा फेस आणि मधोमध तार. स्वस्त वायरीत जाळीच्या तारा मोजता येतात, आठ-दहा, लांबलांब, मधून पन्नी दिसते. चांगल्या वायरीत जाळी इतकी दाट असते की पन्नी झाकली जाते. मीटरमागे काही रुपये जास्त जातात. पंधरा मीटरच्या हिशेबाने तो फरक सेटच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि सगळ्या सेटमध्ये पैसे घालण्यासारखी हीच एक जागा आहे. लांबीही उगाच वाढवू नका. चांगली आरजी-६ सुद्धा या पट्ट्याच्या वरच्या टोकाला शंभर मीटरमागे तीसेक डेसिबल खाते. वीस मीटरपर्यंत चिंता नाही. मळ्यातल्या गोठ्यापासून घरापर्यंत साठ मीटर ओढली तर वरचे ट्रान्सपाँडर आधी जातील. उरलेली वायर वेटोळं करून डब्यामागे कोंबायची सवयही सोडा, जास्तीची कापून टाका.

पिन लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि दहापैकी सात घरांत ते चुकलेलं दिसेल. सेटसोबत फिरवून बसवायची पिन येते. ती सहा महिन्यांत सैल होते. दाबून बसवायची, म्हणजे कॉम्प्रेशनची पिन घ्या आणि दाबायचं हत्यार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून बसवून घ्या. बाहेरचं प्लॅस्टिक साधारण दीड सेंटिमीटर काढायचं. जाळी मागे उलटी वळवायची, कापायची नाही. फेस कापून मधली तार आठ-नऊ मिलिमीटर उघडी करायची. पिन आत ढकलली की पांढरा फेस पिनेच्या तळाशी सपाट दिसला पाहिजे आणि तार पिनेच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर आली पाहिजे. तार आखूड राहिली तर थंडीत आकसून संपर्क सुटतो, लांब राहिली तर डब्याच्या सॉकेटची पत्ती वाकवते. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. एलएनबीला वीज याच वायरीतून जाते, उभ्या ध्रुवणासाठी (ध्रुवण म्हणजे लहर उभी हलते की आडवी) तेरा व्होल्ट आणि आडव्यासाठी अठरा, त्यामुळे शॉर्ट झालं की डबा 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो किंवा गप्प बसतो. डबा चालू ठेवून पिन काढा-घाला करू नका. मधल्या तारेची आणखी एक लबाडी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड. घरगुती लांबीला ते चालतं. पण एलएनबीच्या टोकाला पाणी शिरलं की ते गंजतं आणि तांब्याच्या आधी मरतं. एलएनबीजवळ वायरीला खाली लोंबती घडी ठेवा, म्हणजे पाण्याचा थेंब तिथून गळेल, पिनेत जाणार नाही. पिनेवर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात गोंद सोडते.

आता छत्री. पत्रा पातळ असतो, पण साठ सेंटिमीटरला पुरतो. खरी पारख मागच्या कंसाची आणि बोल्टची. कंसाचा पत्रा बोटांनी वाकत असेल तर ती छत्री परत करा. विदर्भात उपग्रह आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून मोजलं तर बुलढाण्यात सुमारे १३८ अंशांवर, नागपूर आणि गडचिरोलीकडे १४४-१४५ वर. उंची क्षितिजापासून ५९ ते ६३ अंश, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. म्हणूनच मेळघाटातल्या खोलगट गावांतही डोंगर आड येत नाही. झाड मात्र येतं. कडुनिंब छत्रीपेक्षा दहा मीटर उंच असेल तर त्या दिशेला निदान सहा-सात मीटर लांब हवा. यंदा मोकळं दिसणारं झाड तीन पावसाळ्यांनी आड येईल हेही धरून चला.

उंची साठ अंश म्हणजे छत्री साठ अंश मागे झुकवायची असं नाही. ही छत्री तिरकं बघते, तिची स्वतःची वीस-पंचवीस अंशांची सवलत असते. तोंड साधारण पस्तीस अंशच मागे झुकलेलं दिसेल. नवखा माणूस छत्री आभाळाकडे ताटासारखी उताणी करतो आणि तासभर शोधत बसतो. दिशेला फोनमधलं कंपास चालतं, फक्त टिनाच्या छपराजवळ त्याच्यावर भरवसा नको. दहा पावलं लांब उभं राहून दूरची खूण धरा आणि मग छत्री तिकडे वळवा. साठ सेंटिमीटरची छत्री सुमारे तीन अंशांची फट बघते. तिची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा एक अंशाने जाते. पाऊण सेंटिमीटरला निम्मा सिग्नल गेला. वानर एकदा छत्रीवर बसून गेलं तर इतकं सहज होतं, आणि मे महिन्यातल्या वावधनाला तर वानराचीही गरज नाही. कवेलूवर किंवा टिनावर कंस ठोकू नका, टिन थरथरतं. भिंतीत चार फास्टनर, नाहीतर अंगणात दीड इंची जीआय पाइप दोन फूट सिमेंटमध्ये, तोही ओळंब्यात उभा. पाइप तिरका असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि माणूस वेडा होतो.

डब्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे दुर्लक्ष करा. ती आभाळाकडे कुठेही तोंड केलं तरी साठ-सत्तर दाखवते, कारण एलएनबीचा स्वतःचा आवाजच तेवढा असतो. क्वालिटी हलली तरच उपग्रह सापडला. शेजारी, ९५ अंशांवर, दुसऱ्या डीटीएचचा उपग्रह आहे. दीडच अंश लांब, म्हणून दोघे एकाच फटीत मावतात. क्वालिटी आली पण स्कॅनमध्ये डीडीचे चॅनल नाहीत, तर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात आहात. छत्री केसभर पश्चिमेकडे घ्या. याचा फायदाही आहे: त्या कंपनीची जुनी छत्री घरावर पडून असेल तर नवी घेण्याची गरज नाही, तीच किंचित सरकवली की फ्री डिश लागते.

एलएनबीवर ०.१ डीबी छापलेलं असतं, म्हणजे त्याचा स्वतःचा गोंगाट किती तो आकडा. शंभराच्या एलएनबीवरही तेच आणि चारशेच्याही. तो आकडा वाचायचा नाही, तोंडावरची टोपी बघायची. आपल्याकडच्या उन्हात हलकी टोपी दोन उन्हाळ्यांत तडकते. तडकली की पावसाचं पाणी आत, नाहीतर कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर बांधते. बाहेरून एलएनबी नवा दिसतो, आतून गोळा मातीने बंद. टॉर्च मारून बघा, काडीने हळूच काढा, टोपी बदला. बसवताना एलएनबी त्याच्या कड्यात थोडा फिरवावा लागतो. नागपूरला गणिताने तेहेतीसेक अंश येतात, घड्याळातल्या एका तासाहून जरा जास्त. छत्रीच्या मागे उभं राहून आभाळाकडे बघताना काट्यांच्या उलट दिशेने. तिथून दोन्हीकडे जरा जरा फिरवत क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे कसा. पुष्कळ जण हे करतच नाहीत. चित्र येतं, पण पावसासाठी हाताशी ठेवायची ताकद तिथेच वाया जाते.

डब्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एमपीईजी-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) वाला जुना डबा घेऊ नका, काही चॅनल एमपीईजी-४ मध्येच आहेत. सेटिंगमध्ये एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. इथे चुकून सी-बँडचा, म्हणजे केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीच्या पट्ट्याचा, ५१५० राहिला तर जन्मभर स्कॅन केलं तरी काही येणार नाही. तपासायला ११०९०, ध्रुवण व्ही (उभं), सिम्बॉल रेट २९५०० घाला, क्वालिटी आली की ब्लाइंड स्कॅन, म्हणजे डबा सगळे चॅनल आपोआप शोधतो. खासगी चॅनलना फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते आणि एमपीईजी-२ च्या जागांचं वर्ष १ एप्रिलला बदलतं. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आवडता चॅनल गायब झाला तर छत्रीला हात न लावता आधी पुन्हा स्कॅन करा. अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर डबा फवारणी पंपाच्या बॅटरीवरही चालतो, लोडशेडिंगमध्ये कामाचं. फक्त प्लस-मायनस तपासून घ्या.

जोराच्या पावसात चित्र जाणारच. ११ गिगाहर्ट्झचा तो स्वभाव आहे. ढग सरला की पाच-दहा मिनिटांत परत येतं. रिमझिमीत जात असेल तर मात्र दिशा ढिली आहे. वर्षातून दोनदा आणखी एक खंड पडतो: मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला झाकतो. दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. त्याच मिनिटांत छत्रीवर ऊन पडलंय का ते बघा. पूर्ण ऊन असेल तर वाट मोकळी, फांदीची सावली असेल तर तीच फांदी पावसाळ्यात नडणार आहे.

केबल घेणाऱ्यांनाही ही वाटणी सुटलेली नाही. केबलवाल्याची मोठी छत्री सी-बँडची, ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झची, आणि ५जी ला ३३०० ते ३६७० मिळालं आहे. मध्ये अवघे तीस मेगाहर्ट्झ मोकळे. जुने सी-बँड एलएनबी ३४०० पासूनच कान उघडे ठेवून बसतात, जवळचं ५जी त्यांना बहिरं करतं आणि मग एक-दोन नाही, सगळेच चॅनल तुटतात. यावर उपाय ३७०० ते ४२०० चाच पट्टा आत सोडणारा फिल्टर, फीड (छत्रीचा सिग्नल गोळा करणारं तोंड) आणि एलएनबीच्या मधे. एलएनबीच्या मागे वायरीत लावलेल्या फिल्टरचा उपयोग नाही, तोवर एलएनबी बहिरा झालेला असतो. गल्लीतल्या खांबावरून येणारी केबल वेगळ्याच ठिकाणी अडते. तिच्यात ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत चॅनल असतात, म्हणजे ७५८ ते ८०३ तिच्याही आत आहे. टेप गुंडाळलेला एक उघडा जोड आणि समोर ७०० चा टॉवर, एवढं पुरतं.

नव्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच येऊ लागला आहे, त्यासाठी भारतीय मानक आयएस १८११२ हे २०२२ मध्ये निघालं. असा टीव्ही असेल तर सेटमधला डबा घेऊ नका, नुसती छत्री, एलएनबी आणि चांगली वायर सुटी मागा. वायर टीव्हीच्या मागे थेट लावायची आणि मेनूमध्ये एलएनबी पॉवर चालू करायची. ती बंद राहिली तर एलएनबीला वीजच जात नाही, आणि दुकानदार तुम्हाला दुसरा एलएनबी विकतो.